नैसर्गिक पोळ्यातले नर: राहू द्यावेत, कापावेत की कडेला सरकवावेत?

मधमाश्यांच्या पेटीत मेणपत्रा (घरांचे ठसे उमटवलेला मेणाचा पातळ पत्रा) न लावता रिकाम्या चौकटी दिल्या की वसाहत जोमात येताच नरांच्या मोठ्या घरांचे पट्टे दिसू लागतात. मेणपत्र्यावर कामकरी माशीच्या मापाचे ठसे असल्याने तिथे नरांना फारसा वाव नसतो. मोकळीक मिळाली, की मेलिफेरा (युरोपीय) माश्या एकूण पोळ्याचा साधारण १५ ते २० टक्के भाग नरांसाठी बांधतात. हा बिघाड नाही, तो त्यांचा स्वभावच आहे.

निर्णयाआधी एक तपासणी मात्र कराच. नरांची टपोरी, घुमटाकार झाकणे कामकऱ्यांच्या लहान घरांवर विखुरलेली दिसत असतील, तर दोष पोळ्याचा नाही. राणीजवळचा शुक्रसाठा संपला आहे, किंवा राणीच नसून कामकरी माश्या अंडी घालत आहेत. एका घरात अनेक अंडी, तीही भिंतीला चिकटलेली, ही दुसऱ्या प्रकाराची खूण. अशा पेटीत पोळे कापून काहीच साधत नाही.

पहिला मार्ग म्हणजे हात न लावणे. नरांची पुरेशी घरे झाली, की माश्या पुढचे बांधकाम आपणहून कामकरी घरांकडे वळवतात, आणि फुलोरा आटला की नरांना पेटीबाहेर काढतात. एक राणी १० ते २० नरांशी मीलन करते, म्हणजे तुमचे नर आसपासच्या वसाहतींच्याही कामी येतात. पण याची किंमत मधात मोजावी लागते. मधमाशी-संशोधक थॉमस सीली यांनी न्यूयॉर्क राज्यात केलेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नरांचे पोळे दिलेल्या वसाहतींचे वजन सरासरी २५.२ किलो वाढले, न दिलेल्यांचे ४८.८ किलो. एका प्रदेशातले हे आकडे सगळीकडे जसेच्या तसे लागू करू नयेत, पण मध हेच उत्पन्न असेल तर त्यांच्याकडे दुर्लक्षही करू नये.

दुसरा मार्ग कापण्याचा, आणि इथे सर्वाधिक गल्लत होते. दिसले की कापले, ही पद्धत मला तिन्हींत वाईट वाटते. माश्या त्याच रिकाम्या जागी पुन्हा नरांचीच घरे बांधतात, मेण आणि मेहनत दोन्ही वाया. वरोआ या माश्यांवर जगणाऱ्या परजीवी कोळ्यांसाठी सापळा म्हणून ठरल्या दिवशी कापणे ही वेगळी गोष्ट आहे. कोळ्यांची मादी घर बंद होण्याच्या जरा आधी आत शिरते आणि तिला कामकरी अळीपेक्षा नराची अळी कितीतरी पटींनी जास्त पसंत असते. नराचे घर कामकरी माशीच्या घरापेक्षा जास्त दिवस बंद राहते, म्हणून तिथे तिच्या जास्त मुली पूर्ण वाढतात. अंड्यापासून नर बाहेर यायला २४ दिवस लागतात. त्यामुळे एखादी चौकट नरांसाठी राखून ठेवायची आणि बहुतेक घरे बंद झाली, पण एकही नर बाहेर आलेला नाही, अशा वेळी ते पोळे काढायचे. तारीख चुकली, तर आपणच कोळ्यांची पैदास केली असे होते. वेळापत्रक पाळण्याची खात्री नसेल त्याने या वाटेला जाऊच नये. पाळले तरी कोळ्यांची वाढ फक्त मंदावते, त्यांची मोजणी आणि उपचार सुटत नाहीत. सेराना, म्हणजे आशियाई मधमाशीच्या पेट्यांमध्ये मात्र या सापळ्याची गरज सहसा पडत नाही. वरोआचा मूळ यजमान तीच, आणि तिच्याकडे कोळ्यांची पैदास मुख्यतः नरांच्या घरांपुरतीच राहते.

तिसरा मार्ग कडेला सरकवण्याचा. थोड्या पेट्या असलेल्या आणि वरोआ आटोक्यात असलेल्या माणसाला मी हाच सुचवीन. नरांचे पूर्ण पोळे पिलाव्याच्या (अंडी-अळ्यांच्या भागाच्या) मधून काढून पेटीच्या कडेला ठेवायचे. ते वसाहतीत राहिल्याने नवीन नरघरे बांधण्याची ओढ कमी होते, आणि कडेला राणी उशिरा व कमी अंडी घालते. पुढे त्यात मधही भरला जातो. असे पोळे पिलाव्यासकट राणीजाळीच्या (राणीला पलीकडे जाऊ न देणाऱ्या जाळीच्या) वर मात्र ठेवू नका. जन्मलेले नर जाळीतून उतरू शकत नाहीत आणि तिथेच अडकून मरतात.

याच्या जोडीला नवे पोळे कोणाकडून बांधून घ्यायचे, तेही ठरवा. नुकताच बसवलेला थवा किंवा तरुण राणीची छोटी वसाहत सुरुवातीला जवळजवळ फक्त कामकरी घरे बांधते. भरलेली, मधाच्या ऐन हंगामातली वसाहत मोठ्या घरांकडे झुकते. म्हणून पिलाव्यासाठीच्या रिकाम्या चौकटी पहिलीला द्याव्यात, त्याही दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये.

राण्या तयार करायच्या असतील तर हिशोब बदलतो. नर जन्मल्यावर मीलनक्षम व्हायला आणखी सुमारे १२ दिवस घेतो, म्हणजे अंड्यापासून ३६. राणी १६ दिवसांत बाहेर येते आणि आठवडाभरात उडते. तेव्हा राण्यांची अंडी निवडण्याच्या दोनेक आठवडे आधी चांगल्या वसाहतींत नरांची अंडी पडलेली हवीत. त्या काळात तिथली नरांची घरे कापू नका. कापायचीच झाली तर चिडखोर किंवा रोगट वसाहतीतली कापा.