चिकूला जाळी घालणारं दुकान

बडोद्यात जुन्या पादरा रोडवर फळांचं एक एसी दुकान आहे, काचेचं दार आणि पाटीवर 'इम्पोर्टेड' असं ठळक. नाव लिहीत नाही, कारण पुढे कुरकूर आहे आणि त्या पोरांच्या पोटावर पाय द्यायचा नाही. सहा-सात वेळा तरी गेले असेन तिथे. पहिल्यांदा गेले ती केवळ ऊन चुकवायला.

आत सगळं मांडणीत चोख. किवीचे तीन-तीनचे डबे, ब्लूबेरीच्या एवढ्याशा डब्या, कच्छचं ड्रॅगनफ्रूट 'कमलम' अशी पाटी लावून (2021 मध्ये सरकारनं हे नाव दिलं, पण लारीवाले, म्हणजे हातगाडीवाले, अजून ड्रॅगनच म्हणतात). आणि त्यांच्या शेजारी, पांढऱ्या फोमच्या जाळीत एकेक बसवलेला, चिकू! अमलसाडचा. म्हणजे नवसारी जिल्ह्यातून, फार तर दोनशे किलोमीटरवरून आलेला. भाव 140 रुपये किलो. त्याच आठवड्यात खंडेराव मार्केटच्या बाहेर लारीवर 60 होता. मी मुलाला विचारलं, "हा कुठून इम्पोर्ट केला रे?" तो बिचारा म्हणाला, "मॅडम, प्रीमियम आहे."

हसू आलं, कारण चिकू मुळात आला तिकडूनच, मेक्सिको, मध्य अमेरिका नि कॅरिबियनच्या बाजूनं. आणि मी नुकतीच तिकडे तीन महिने राहून आले होते. जावई त्रिनिदादला पॉइंट लिसासच्या गॅसच्या कारखान्यात आहे, लेकीचं घर जवळच कूव्हाला. ऑक्टोबरात गेले, जानेवारीत परतले. जाताना वाटलं होतं, बेटावर फळं काय, रस्त्यात पडलेली असणार.

पडलेली असतातच, पण दुसऱ्यांच्या अंगणात. ज्याच्या परसात झाड, त्याला फुकट. भाड्याच्या घरात राहणाऱ्या माझ्या लेकीला प्रत्येक फळ विकतच. हायवेवर जाळीच्या पिशवीत 'पोर्तुगाल' मिळायचे, आपल्या संत्र्याचेच भाऊबंद, वीस टीटीला पाच. टीटी म्हणजे त्रिनिदादचा डॉलर, एक डॉलर आपल्या बारा-तेरा रुपयांचा धरा, म्हणजे एक संत्रं पन्नास रुपयांचं. आणि सुपरमार्केटात अमेरिकेचं लाल सफरचंद, पाच टीटी. झाडाचं संत्रं आणि जहाजातून आलेलं सफरचंद जवळजवळ एकाच भावात! नाताळात तर तिकडे सफरचंदं आणि द्राक्षं हवीतच, आपल्याकडे संक्रांतीला तिळगूळ हवा तशी. दोन्ही बाहेरची.

जावई म्हणाला, मजुरी महाग, बागेत चोऱ्या फार, माल थोडा आणि तोही हंगामापुरता. त्यांच्या घराच्या आसपास सगळी उसाची जुनी जमीन. सरकारी साखर कंपनी 2003 मध्ये बंद झाली, नि गॅसमध्ये पैसा असताना शेतात राबायला कोण जाणार? कॅरिकॉमच्या, म्हणजे कॅरिबियन गटातल्या, देशांनी अन्नधान्याची आयात 2025 पर्यंत पाव हिश्शानं कमी करायचं ठरवलं होतं, ती मुदत आता 2030 वर गेली आहे.

एक फजिती सांगून टाकते. चगवानासच्या बाजारात 'फिग' ओरडून विकत होते. मला वाटलं, अंजीर! एक पौंड द्या म्हटलं तर बाईनं हातात केळी ठेवली. तिकडे केळ्यालाच फिग म्हणतात. पण त्याच बाईनं नंतर 'चाऊ' खाऊ घातला: हिरव्या पोमसितेच्या फोडींना मीठ, लसूण, मिरची आणि कोथिंबिरीच्या वासाची लांब पानं. पोमसिते म्हणजे आपल्या आंबाड्याचाच मोठा भाऊ. फाटकाबाहेर तिखटमीठ लावून खाल्लेल्या कैऱ्या आठवल्या, शाळेतल्या.

तर, बडोद्याच्या दुकानाकडे. सफरचंद घेतलं ते मुद्दाम. 240 रुपये किलो, किलोत पाच. स्टिकरवर 4016. कूव्हाच्या सफरचंदावरही हाच आकडा होता. हा आकडा देशाचा नसतो, तो मोठ्या रेड डेलिशियसचा, जगभर सारखाच. मालक माणूस बोलका निघाला. म्हणाला, "मासी, ड्यूटी पण बघा ना." बघितली. आयातीवर मूळची 50 टक्के होतीच, वर अमेरिकेच्या सफरचंदांवर 2019 पासून जादा 20 टक्के बसली होती, ती 2023 मध्ये उठली. "मग भाव उतरला का?" तर हसून म्हणाला, "एसी कोण चालवणार?" उत्तर प्रामाणिक, त्याचे गुण द्यायला हवेत.

पाचातलं एक आतून तपकिरी निघालं, बाहेरून अगदी मेणाच्या बाहुलीसारखं. दुसऱ्या दिवशी अर्धं कापलेलं घेऊन गेले, कटकट न करता बदलून दिलं. लारीवरच्या बेननं असं कधी केलं असतं का? तिचं म्हणणं ठरलेलं: "मासी, चाखीने लो ने!" चाखून घेतलंत की जबाबदारी तुमची. शिवाय ती तळाला एखादं जामफळ, म्हणजे पेरू, मऊ घालतेच, वीस वर्षं घालते आहे.

पण दुकानाची एक गोष्ट मला खटकली आणि मी तोंडावर सांगितली: चिकू जाळीसकट, ट्रेसकट तोलतात. मी ट्रे काढून परत तोलायला लावला तर 45 ग्रॅम कमी भरले. पोरगा म्हणाला, "मॅडम, कोणी विचारत नाही." 140 च्या भावानं सहा रुपये झाले. सहा रुपयांसाठी भांडते असं वाटेल, वाटू दे.

किवी, ब्लूबेरी हवीत तर इथे जा. माल ताजा असतो, दुपारी गर्दी नसते, गाडी लावायला जागा आहे. चिकू, जामफळ, पपईसाठी मात्र खंडेराव मार्केट, सकाळी नऊच्या आत, सुटे पैसे घेऊन. लेकीला व्हिडिओ कॉलवर लारीचे चिकू दाखवले तेव्हा तिनं भाव विचारला आणि मग बराच वेळ काही बोललीच नाही.

फोमच्या जाळ्या मी टाकल्या नाहीत. तिच्याकडे जाणाऱ्या लोणच्याच्या बरण्यांना बरोबर बसतात.