अल्पाका पाळावेत की मेंढ्या?

थोडंसं कुरण आहे आणि लोकरीची हौसही. फोटो बघून ठरवलं तर अल्पाका, म्हणजे दक्षिण अमेरिकेतला उंटाच्या कुळातला लोकरीचा प्राणी, हाच जिंकणार, म्हणून आधी पिल्लांचा हिशोब मांडा. मेंढी साधारण 5 महिन्यांत विते आणि जुळीही सर्रास होतात. अल्पाकाची मादी मात्र साडेअकरा महिने गाभण राहते आणि बहुतेक वेळा एकच पिल्लू देते. कळप वाढवून कमाई करायचा बेत असेल तर इथेच घोडं अडतं.

लोकर दोघांचीही बहुधा वर्षातून एकदाच कातरतात. अल्पाकाच्या लोकरीत मेणचटपणा जवळजवळ नसतो, त्यामुळे ती धुणं सोपं. पण निवडून, कातून तिला गिऱ्हाईक शोधणारे तुम्हीच!

रोजच्या कामात अल्पाका सुखाचा. कळप ठरावीक जागीच लेंड्या टाकतो, आणि तळवे गादीसारखे मऊ असल्याने जमीन फारशी उकरली जात नाही. मेंढ्यांच्या लेंड्या कुरणभर. अल्पाकाच्या थुंकण्याचं म्हणाल, तर बहुतेकदा ते आपसातल्या चाऱ्याच्या भांडणात. मध्ये उभं राहू नका.

खरी अडचण आजारपणाची. अल्पाका दुखणं लपवतो आणि दाट लोकरीखाली रोडावलेलं अंग दिसत नाही. पाठीच्या कण्यावर नियमित हात फिरवून बघावं लागतं. एकटा तर ठेवूच नका, निदान 3 हवेत. त्यांचं आयुष्य 15 ते 20 वर्षांचं असतं. मेंढ्यांवर उपचार करणारा डॉक्टर सहसा मिळतो. अल्पाका हाताळलेला मात्र जनावर आणण्याआधीच शोधून ठेवा.