पिकअपवरचा कॅम्पर सातारा-सांगलीत बांधून घेताना: वेल्डिंग चोख, वजनाचा हिशेब कच्चा

सातारा, कऱ्हाड, मिरज, कुपवाड या पट्ट्यातल्या बॉडीवाल्यांना उसाची ट्रॉली, दुधाचा टेंपो, द्राक्षाची गाडी काही नवी नाही. गाडी दारात उभी केली की फरशीवर खडूने आखून कामाला लागणारी ही माणसे. पिकअपच्या हौद्यावर दोघांना झोपता येईल, चहा-भात करता येईल अशी पेटीवजा खोली हवी असेल आणि ती कोयनेच्या पावसात, जतच्या उन्हात, स्पितीच्या थंडीत कच्च्या रस्त्याने न्यायची असेल, तर हेच कारागीर उपयोगी पडतात. अडचण एवढीच की त्यांचा हात ट्रॉलीवर बसलेला आहे. शंका आली की एक पाइप जास्त टाकायचा. आमचे मत सांगायचे तर जोडकामाला पैकीच्या पैकी गुण, पाणी अडवण्याला निम्मे, विजेच्या कामाला त्याहून कमी. आणि वजनाचा हिशेब गिऱ्हाइकाने घरून करून न्यावा, तिथे कोणी करून देत नाही.

हिशेब आरसीवरून सुरू होतो. लाडेन (भरलेल्या गाडीच्या कमाल) वजनातून अनलाडेन (रिकाम्या गाडीचे) वजन वजा केले की गाडी कायद्याने किती वाहू शकते ते कळते. समजा ही वजाबाकी ७०० किलो आली. दोन माणसांचे १५०, पाण्याचे ६० (लिटरला किलो, यात सूट नाही), किराणा-कपडे-अंथरुणाचे ८०, जॅक, दोरखंड, फावडे आणि दुसऱ्या स्टेपनीचे ६०. उरले ३५०. खराब रस्त्यासाठी दहा टक्के म्हणजे ७० किलो राखून ठेवा. हातात राहतात २८० किलो, आणि त्यात पेटी, पलंग, बॅटरी, फ्रिज, शेगडी सगळे बसवायचे.

आता नेहमीच्या पद्धतीने बांधलेली पेटी बघा. २५ बाय २५, २ मिमी जाडीचा लोखंडी चौकोनी पाइप मीटरला जवळपास १.४४ किलो भरतो. ६० मीटर लागला की ८६ किलो. बाहेरून १.२ मिमी पत्रा चौरस मीटरला ९.४ किलो, २० चौरस मीटरचे १८८ किलो. बेरीज २७४. आत अजून प्लायची फळीही लागलेली नाही आणि २८० संपत आले! हाच ढाचा ॲल्युमिनियमचा केला तर पाइपाचे वजन एक तृतीयांशावर येते. दोन बाजूंना दीड मिमी एफआरपी (फायबरग्लासचा पत्रा) आणि मध्ये ३० मिमी एक्सपीएस (थर्माकोलच्या जातीचा कडक) फोम असे पॅनल घेतले तर चौरस मीटरला साडेसहा किलोच्या आसपास बसते, म्हणजे २० चौरस मीटरला १३० किलो. त्यात बाहेरची भिंत, आतली भिंत आणि इन्सुलेशन तिन्ही आले, पाइपाचा सांगाडाही जवळजवळ लागत नाही.

तासगाव-मिरज भागात बेदाण्याच्या शीतगृहांमुळे पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले) बसवणारे सहज मिळतात आणि ‘साहेब, आमचेच पॅनल लावू’ असे हमखास सुचवतात. गारवा टिकवायला ते पॅनल उत्तम, यात वाद नाही. पण दोन्ही बाजूंना अर्धा मिमी लोखंडी पत्रा असलेले ६० मिमीचे पॅनल चौरस मीटरला दहा किलोच्या घरात जाते, आणि त्याचे खटक्याचे सांधे जागेवर उभ्या असलेल्या खोलीसाठी असतात. गाडीच्या हादऱ्याने ते सैल होतात. एसीपी शीटही (ॲल्युमिनियमच्या दोन पातळ पत्र्यांमध्ये प्लास्टिक) टाळावी. दुकानाच्या दर्शनी बाजूला ती शोभते, पण आतला प्लास्टिकचा थर उन्हात पत्र्यापासून सुटू शकतो आणि आग लागली तर पेटतो. ग्लासवूल भिजली की खाली बसते आणि वरची अर्धी भिंत रिकामी राहते.

गाडी कोणती, हा प्रश्न लोक सर्वांत आधी विचारतात. उत्तर वर केलेल्या वजाबाकीतच आहे. महिंद्राचा बोलेरो कॅम्पर (नावात कॅम्पर असले तरी हा साधा पिकअपच) टनाच्या आसपास वाहतो आणि चारही चाकांना ताकद देणाऱ्या प्रकारातही मिळतो. बसायला साधा, इंजिन जेमतेम, पण ओझ्याला पक्का. इसुझू व्ही-क्रॉस किंवा टोयोटा हायलक्स चिखलात आणि चढाला कितीतरी सरस, मात्र कागदावरची वाहनक्षमता त्याहून बरीच कमी. त्यांच्यावर भिंतींची पेटी चढवण्याचा हट्ट सोडावा. हलकी कॅनोपी (हौद्यावरचे झाकण), आत खण आणि टपावर तंबू एवढ्यावर थांबावे. ‘स्प्रिंगचे दोन पाटे वाढवू, मग काही होत नाही’ हे वाक्य प्रत्येक गॅरेजात ऐकू येते. पाटे वाढवल्याने गाडी मागून बसत नाही, हे खरे. पण ब्रेक, टायर, ॲक्सल आणि आरसीवरचा आकडा तिथेच राहतो. पसरणी किंवा कुंभार्ली घाट उतरताना ब्रेक तापायला लागले की पाट्यांचा काही उपयोग नसतो.

साखर कारखान्यांमुळे आपल्याकडे वजनकाटा दर काही मैलांवर आहे, ही मोठी सोय. काम सुरू होण्याआधी रिकामी गाडी, ढाचा बसल्यावर एकदा आणि पूर्ण भरून एकदा, असे तीनदा वजन करा. प्रत्येक वेळी आधी फक्त पुढची चाके काट्यावर, मग पूर्ण गाडी. वजाबाकीत मागच्या ॲक्सलवरचा भार कळतो आणि तो कंपनीने दिलेल्या मर्यादेशी ताडता येतो. काटा ५-१० किलोच्या टप्प्याने दाखवतो, तेव्हा दोन-चार किलोवरून वाद घालू नये. पाण्याची टाकी आणि बॅटरी मागच्या ॲक्सलच्या पुढे, खाली, केबिनला लागून हवी. ती मागे दाराशी गेली की पुढची चाके हलकी होतात आणि चढाला स्टिअरिंग हवेत असल्यासारखे वाटते.

पेटी गाडीला कशी धरायची, इथे ट्रॉलीची सवय सर्वांत जास्त नडते. ओढ्यात गाडी तिरकी उतरली की चेसिस पिळते, आणि केबिन व हौदा आपापले हलतात. पेटी चारही कोपऱ्यांत वेल्ड करून आवळली की तो पीळ पेटीत जातो. आधी खिडकीच्या कोपऱ्यातून चीर निघते, मग दार अडकते, मग पाणी येते. हौद्यात उतरवायची पेटी असेल तर खाली ८-१० मिमी रबरी चटई टाकावी आणि चार बाजूंनी स्प्रिंग असलेल्या टर्नबकलने (फिरवून आवळायच्या ताणस्क्रूने) चेसिसला धरावी, हौद्याच्या पत्र्याला नव्हे. हौदा काढून थेट चेसिसवर पेटी बसवायची तर तीन टेकूंची किंवा स्प्रिंगची मांडणी लागते, आणि ती केलेला माणूस या भागात शोधावाच लागतो. केबिनवर पुढे आलेला पलंगाचा भाग छतापासून किमान ७५ मिमी वर असावा. नकाशात ही फट नेहमी राहून जाते.

आपल्याकडे चार ऋतूंची खरी परीक्षा थंडी नव्हे, पाऊस घेतो. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास पाऊस, तर माण, आटपाडी, जतकडे पाचशेच्या आसपास. एकाच आठवड्यात दोन्ही टोके गाठता येतात. पाणी घुसते ते खिडकीची चौकट, टपावरचा पंखा, वायर आत येण्याचे भोक आणि मागच्या दाराचा उंबरा, या चार जागांतून. चौकटीखाली ब्युटाइल (चिकट, मऊ रबरी) टेप, वरून पॉलियुरेथेन सीलंट. सिलिकॉन स्वस्त आणि हाताशी असते, पण एकदा लावले की त्यावर पुन्हा काहीच चिकटत नाही, म्हणून दुरुस्ती म्हणजे आधी तासभर खरवडणे. दाराला ईपीडीएम (उन्हापावसात टिकणारे) रबर मागा. स्पंजाची पट्टी दोन उन्हाळ्यांत चपटी होते. ॲल्युमिनियमचा पत्रा लोखंडी पाइपावर थेट ठोकला तर ओलाव्यात ॲल्युमिनियम रिबिटाभोवती पांढरे पडून खायला लागते. मध्ये टेप आणि स्टेनलेसची रिबिटे हवीत.

सर्वांत महत्त्वाची अट ही: आतली फळी ठोकण्याआधी पाण्याची चाचणी. गाडी वॉशिंग सेंटरवर न्या, पुढची चाके रॅम्पवर चढवा, प्रत्येक बाजूला पंधरा मिनिटे पाणी मारा आणि एक माणूस टॉर्च घेऊन आत बसवा. मग मागची चाके वर करून पुन्हा तेच. फळी लागल्यावर गळती शोधणे म्हणजे निम्मे काम उसकटणे. बॉडीवाले या चाचणीला ‘कशाला, आमचे काम गळत नाही’ म्हणतात. ट्रॉली गळते की नाही हे कोणी पाहत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

माण-जतकडच्या धुळीला वेगळा इलाज. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या (हौद्याच्या मागच्या झडपेच्या) फटीतून धूळ आत ओढली जाते. रबर कितीही चांगले असले तरी ती थोडी येतेच. पुढच्या बाजूला उंचावर गाळणी लावलेला झरोका ठेवला की आतला दाब किंचित वाढतो आणि धूळ बाहेरच राहते. पावसात हाच झरोका बंद करता आला पाहिजे.

रात्रीचा दमटपणा बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. दोन माणसांच्या श्वासातून आणि घामातून रात्रीत लिटरभर पाणी हवेत जाऊ शकते. ते थंड धातूवर जमते, म्हणजे जिथे पाइप आतून उघडा आहे तिथेच. पाइपावर १० मिमी नायट्राइल रबराची पट्टी चिकटवली की हे बरेच कमी होते. शिवाय टपाला पंखा आणि खाली एक झरोका, दोन्ही लागतात. गादीखाली सलग फळी नको, पट्ट्या टाका.

विजेचे काम बंगल्याच्या वायरमनला देऊ नका. २.५ चौरस मिमी वायर घरात चालते; इथे १२ व्होल्टवर ३० अँपिअर चार मीटर न्यायचे तर जाऊन-येऊन आठ मीटरमध्ये पावणेदोन व्होल्ट वाटेतच जातात आणि वायर तापते. १६ चौरस मिमी तांब्याची वायर घ्या, फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरात. १०० अँपिअर-तासाची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२-१३ किलोची, जवळपास सगळी वापरता येते. घरच्या इन्व्हर्टरची १५० ची ट्युब्युलर पन्नास किलोच्या पुढे, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. उन्हाळ्यात ४० लिटरचा कंप्रेसर फ्रिज दिवसाला साधारण ३५ ते ४५ अँपिअर-तास घेतो, पंखा-दिवे पंधरा. टपावर २०० वॅटचे सौर पॅनल एप्रिलमध्ये एवढे सहज भरून काढते. जुलैत महाबळेश्वरच्या धुक्यात त्याच्याकडून फारशी आशा नको. म्हणून गाडीच्या अल्टरनेटरवरून भरणारा डीसी-डीसी चार्जर चैनीत मोडत नाही. लिथियम शून्य अंशाखाली चार्ज केली तर सेल कायमचे बिघडतात. बीएमएसमध्ये (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटमध्ये) थंडीचा कटऑफ आहे का ते विचारा आणि बॅटरी पेटीच्या आत, इन्सुलेशनमध्ये ठेवा.

फक्त सह्याद्रीत फिरणार असाल तर हीटरचा खर्च वाचवा. वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठतात तेवढ्या थंडीला चांगली रजई पुरते. लडाख-स्पितीसाठी २ किलोवॅटचा डिझेल हीटर योग्य. तो ज्वलनाची हवा बाहेरून घेतो, धूर बाहेर सोडतो. धुराची नळी दार-खिडकीपासून दूर काढा आणि आत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावाच. उंचीवर हवा विरळ, त्यामुळे काजळी धरते. उंचीप्रमाणे इंधन कमी करणारे मॉडेल हवे. टाकीत सांगलीचे डिझेल घेऊन हिवाळ्यात लेहला जाऊ नये. इंडियन ऑइलने २०१९ मध्ये लडाखसाठी उणे ३३ अंशांपर्यंत न गोठणारे डिझेल आणले, ते तिथे भरावे. गॅसचा कप्पा आतून सीलबंद आणि तळाला बाहेर उघडा हवा, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो. कडाक्यात सिलिंडरमधला ब्यूटेन शून्याच्या आसपास वाफ व्हायचे थांबतो आणि शेगडी मलूल होते.

कागदपत्रांबाबत बॉडीवाल्याच्या शब्दावर जाऊ नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीतल्या तपशिलाशी विसंगत बदल चालत नाही आणि २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे सांगितले. कायमची पेटी म्हणजे मोटार कॅराव्हॅन. तिच्यासाठी एआयएस-१२४ हे मानक आहे. उतरवता येणारी पेटी ‘माल’ धरली जाईल असे छातीठोक सांगितले जाते; तरी आराखडा घेऊन एमएच-११, एमएच-५० किंवा एमएच-१०, जिथली नोंदणी असेल त्या आरटीओत विचारा, उत्तर लेखी मागा आणि विमा कंपनीलाही कळवा. चालत्या गाडीत पेटीत कोणी बसायचे नाही.

ऑर्डर जानेवारी-फेब्रुवारीत द्यावी. गाळप हंगामाच्या तोंडावर सगळे ट्रॉल्यांच्या दुरुस्तीत गुंतलेले असतात, आणि पावसाळ्यात दमट हवेत एफआरपीचे रेझिन नीट धरत नाही. करारात पॅनलचा प्रकार, जाडी, ढाच्याचे काट्यावरचे कमाल वजन आणि पाण्याची चाचणी लिहून घ्या. वजन दहा टक्क्यांहून जास्त भरले तर काय, हेही. पैसे चार टप्प्यांत: पॅनल आल्यावर, ढाचा काट्यावर उतरल्यावर, पाण्याची चाचणी झाल्यावर, आणि शेवटचे पंधरा टक्के पहिल्या जोरदार पावसानंतर. शेवटच्या टप्प्याला बहुतेक जण नकार देतात. मग निदान ऑगस्टअखेरपर्यंत गळतीची दुरुस्ती फुकट, एवढे बिलावर लिहून घ्यावे.