‘ब्लूइश ग्रे’ की ‘ग्रेइश ब्लू’? केली-जड रंगकोशाची ओळख

कापडाचा, दगडाचा किंवा फुलाचा रंग इंग्रजीत लिहिताना ‘टील’, ‘मॉव्ह’, ‘टोप’ यांवर विसंबणाऱ्यांनी केनेथ केली आणि डीन जड यांचा रंगकोश जरूर चाळावा. अमेरिकेच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्‌सने तो १९७६ साली विशेष प्रकाशन ४४० म्हणून काढला. ही पद्धत मुळात औषधी द्रव्यांचे रंग सर्वांना सारखेच कळावेत म्हणून उभी राहिली.

कोशात व्यापारी नावं हजारोंनी आहेत, पण खरं बळ २६७ साध्या नावांत आहे. शेवटचा शब्द म्हणजे मुख्य रंग, त्याआधी ‘इश’ लागलेला शब्द म्हणजे झाक, आणि सगळ्यांत पुढे उजळ-गडद सांगणारं विशेषण. त्यामुळे ‘ग्रेइश ब्लू’ (क्र. १८६) हा मळकट निळा, तर ‘ब्लूइश ग्रे’ (क्र. १९१) हा निळसर झाकेचा राखाडी. शब्द मागेपुढे झाले की रंगच बदलतो आणि सगळ्यांत जास्त घोटाळे इथेच होतात.

विशेषणांची वाटणी फार नेमकी आहे. ‘ब्रिलियंट’ म्हणजे उजळ आणि तजेलदार, ‘पेल’ म्हणजे उजळ पण फिका. बोलण्यात ‘डीप’ आणि ‘डार्क’ एकच मानतात; इथे दोन्ही गडद असले तरी ‘डीप’मध्ये रंग भरपूर असतो, ‘डार्क’मध्ये बेताचा. ‘डीप ब्लू’ (१७९) आणि ‘डार्क ब्लू’ (१८३) यांचे नमुने शेजारी ठेवले की हे चटकन पटतं. ‘लाइट रेड’ मात्र यादीत शोधू नका, तो ‘पिंक’मध्ये जातो, ‘डार्क ऑरेंज’ची जागा ‘ब्राउन’ने घेतली आहे.

मर्यादा मोठी आहे. प्रत्येक नावाखाली रंगांचा अख्खा पट्टा येतो, त्यामुळे ‘मॉडरेट ब्लू’ म्हणवणारी दोन कापडं डोळ्यांना वेगळी दिसू शकतात. भिंतीचा किंवा धाग्याचा रंग जुळवायचा असेल तर नावावर थांबू नका, मन्सेल क्रमांक (रंगाची छटा, उजळपणा आणि तीव्रता आकड्यांत सांगणारी खूण) घ्या. स्कॅन केलेल्या प्रतीतले रंगही पडद्यागणिक बदलतात, तेव्हा त्यावरून नमुना ठरवू नये. वस्तू दिवसाच्या उजेडात, राखाडी कागदावर ठेवूनच पाहावी. पिवळ्या दिव्याखाली ‘ब्लूइश ग्रीन’ सहज ‘ग्रीन’ वाटतो.

रोजच्या नोंदींसाठी २६७ नावं जड जातात. तिथे याच कोशातली दुसऱ्या, म्हणजे कमी बारकाव्याच्या, पातळीची २९ नावं पुरेशी आहेत, आणि ती आधी घोटून घेतली की बाकीची आपोआप उलगडतात.