६४ केबीपीएसवर लॅपटॉप: काही महिन्यांच्या वापरानंतर

गेले बरेच महिने माझं वाचन, मेल आणि कामाची शोधाशोध ६४ केबीपीएसच्या आसपास चालणाऱ्या जोडणीवर, लॅपटॉपवरून होते आहे. लॅपटॉप हे मुद्दाम सांगतो, कारण मोबाइलसाठी निदान काही हलकी ॲप मिळतात. लॅपटॉप दिसला की साइट आपलं सगळं सामान पाठवून देते. निकाल आधीच सांगतो. वाचायला ही जोडणी पुरते, अगदी नीट पुरते. लॉगिन करून काही उरकायचं असेल, तर अजूनही जीव मेटाकुटीला येतो.

६४ केबीपीएस म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ किलोबाइट. आजचं नेहमीचं वेबपान सहज २ मेगाबाइटच्या पुढे जातं, म्हणजे चार मिनिटं झाली. त्यात वाचायचा मजकूर किती असतो? यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक अक्षरचिन्ह ३ बाइट घेतं, तरी हजार शब्दांचा मराठी लेख १५ ते २० किलोबाइटमध्ये बसतो. सर्व्हर तो जीझिप किंवा ब्रॉटली या पद्धतींनी आवळून पाठवतो, तेव्हा आणखी बराच लहान होतो. थोडक्यात, लेख सेकंदाभरात येण्यासारखा असतो; उरलेली चार मिनिटं जाहिराती, ट्रॅकर, फॉन्ट, मोठाले फोटो आणि स्क्रिप्ट खातात. वेग वाढवणं माझ्या हातात नव्हतं. काय येऊ द्यायचं, ते मात्र होतं.

सुरुवात ब्राउझरपासून करू नका. लॅपटॉप मागच्या मागे काय ओढतोय ते आधी बघा. विंडोजमध्ये त्या वाय-फायच्या सेटिंगमध्ये जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजून वापरायची जोडणी) चालू केलं की बहुतेक अपडेट थांबून राहतात. फोटोंचा आपोआप होणारा बॅकअप आणि क्लाउड सिंक बहुतेकदा हाताने बंद करावे लागतात, आणि हे दोन सगळ्यांत घातक. ते डेटा वर पाठवतात. वर जाणारी वाट भरली की मोडेममध्ये पाकिटांची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, रांग साठते, आणि खाली येणाऱ्या पानासाठी लागणाऱ्या छोट्याशा विनंत्याही त्याच रांगेत अडकतात. याला बफरब्लोट म्हणतात. एका खिडकीत पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारी आज्ञा) चालू ठेवून बघा: काहीच उघडलेलं नसताना आकडा काही सेकंदांवर गेला, तर कुणीतरी गुपचूप वर पाठवतंय. ते कोण, हे विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधल्या नेटवर्कच्या टॅबवर कळतं. हे एवढं केल्यावर जो फरक पडला, तो पुढच्या कुठल्याही उपायाने पडला नाही.

ब्राउझर म्हणून फायरफॉक्स आणि त्यात यूब्लॉक ओरिजिन हे नको ते अडवणारं एक्स्टेन्शन, यावर मी स्थिरावलो. जाहिराती अडवणं हा त्याचा एक भाग झाला. त्याच्या सेटिंगमध्ये ठरावीक आकाराहून मोठे फोटो-व्हिडिओ न आणण्याची सोय आहे (मूळ मर्यादा ५० किलोबाइट), शिवाय बाहेरचे फॉन्ट आणि जावास्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा प्रोग्राम) बंद करण्याचीही. मोठ्या फोटोच्या जागी रिकामी चौकट येते; हवा असेल तर त्यावर क्लिक करायचं, मग तेवढाच फोटो येतो.

अडवण्याचा फायदा फक्त किलोबाइटचा नाही. प्रत्येक नव्या डोमेनसाठी आधी पत्ता शोधायचा, मग टीसीपीची, म्हणजे दोन संगणकांमधल्या जोडणीची ओळख, मग सुरक्षित जोडणीसाठी टीएलएसची ओळख. टीएलएस १.२ला यासाठी सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायच्या दोन फेऱ्या लागतात, २०१८ साली आलेल्या १.३ला एक. एका फेरीला अर्धा-पाऊण सेकंद लागत असेल आणि पान वीस ठिकाणांहून माल मागवत असेल, तर पहिला उपयोगी बाइट यायच्या आधीच दम निघून जातो. ब्लॉकर ती विनंतीच पाठवत नाही.

फॉन्टचं मराठी वाचकांनी आवर्जून करावं. देवनागरी वेबफॉन्टमध्ये जोडाक्षरांची चित्रं भरपूर, त्यामुळे एकेक फाइल शंभर किलोबाइटच्या पुढे सहज जाते, आणि ठळक अक्षरांसाठी पुन्हा वेगळी. निर्मला यूआय किंवा मंगल विंडोजमध्ये असतोच, लिनक्सवर नोटो किंवा लोहित बसवता येतो. मजकूर त्यात छान दिसतो. दोन अडचणी येतात. मेनूची चिन्हं फॉन्टमधून येत असतील तर नुसते चौकोन दिसतात. आणि युनिकोडच्या (सगळ्या लिप्यांसाठीच्या आजच्या प्रमाण पद्धतीच्या) आधीच्या फॉन्टवर चालणारी एखादी जुनी मराठी साइट उघडली, तर सगळा मजकूर अगम्य रोमन अक्षरांचा होतो. अशा साइटपुरती बंदी उठवायची.

जावास्क्रिप्ट बंद ठेवण्याबद्दल मी आधी साशंक होतो, आता अजिबात नाही. एचटीएमएल, म्हणजे पानाचा मूळ मजकूर, जसजसं येतं तसतसं ब्राउझर ते दाखवत जातो. अर्धं पान आलं तरी अर्धं वाचता येतं. जे पान सर्वस्वी स्क्रिप्टवर उभं आहे, त्याची मुख्य फाइल पूर्ण आल्याशिवाय काहीच दिसत नाही, आणि ती नव्वद टक्क्यांवर तुटली तर पांढरा पडदा. मजकूर दाखवण्यासाठी स्क्रिप्टवर अवलंबून राहणं हे मला संथ जोडणीवरच्या वाचकाला दारातूनच परत पाठवण्यासारखं वाटतं. याउलट, फोटोंना नीट पर्यायी मजकूर लिहिणाऱ्यांचे मनापासून आभार. तो अंध वाचकांसाठी असतो आणि असायलाच हवा, पण चित्रं अडवल्यावर पानाचा अर्थ माझ्यासाठीही त्यानेच टिकतो.

शोधासाठी डकडकगोची ‘लाइट’ आवृत्ती वापरतो, नुसती दुव्यांची यादी येते. मेल थंडरबर्ड या लॅपटॉपवरच्या मेल-प्रोग्रामात, ठरावीक आकाराहून मोठे मेल उतरवू नयेत असं त्याला सांगता येतं, आणि एकदा आलेला मेल जोडणी नसतानाही वाचता येतो. जीमेलचं साधं एचटीएमएल रूप २०२४मध्ये बंद झालं, क्रोमचा डेटा वाचवणारा लाइट मोड त्याआधीच, २०२२मध्ये. ज्यांना या सोयींची खरी गरज होती, त्यांच्याकडे दुसरी जोडणी नव्हती, याचं वाईट वाटतं.

ज्या साइट आरएसएस फीड (नव्या लेखांची साधी यादी) देतात, त्यांच्या मुखपृष्ठावर मी आता जातच नाही. मुखपृष्ठ हा सगळ्यांत जड भाग असतो, आणि फीड बहुतेकदा काही किलोबाइटची. विकिपीडियासाठी कीविक्स, हा जोडणीशिवाय वाचायचा प्रोग्राम: संपूर्ण मराठी विकिपीडियाची फाइल कुठल्यातरी वेगवान जोडणीवर एकदा उतरवून घेतली, की पानं क्षणात उघडतात. इंग्रजीचीही मिळते, पण चित्रांसकटची फाइल शंभर गिगाबाइटच्या आसपास जाते; बिनचित्रांची घ्या.

लिंक्स हा १९९२पासूनचा फक्त मजकूर दाखवणारा ब्राउझरही बरेच दिवस वापरला. इंग्रजी वाचायला झकास, पण तो ज्यात चालतो त्या अनेक टर्मिनलमध्ये (आज्ञा टाइप करायच्या खिडक्यांमध्ये) देवनागरीच्या वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, म्हणून मराठीसाठी सोडून दिला. मोठ्या फाइल ब्राउझरने उतरवू नका. डब्ल्यूगेट या फाइल उतरवणाऱ्या प्रोग्रामला ‘सी’ हा पर्याय देऊन चालवलं, तर सर्व्हरची तयारी असल्यास तुटलेली फाइल जिथे थांबली तिथून पुढे येते.

सवयीही बदलतात. तीन-चार दुवे मागे उघडून ठेवायचे आणि पहिला वाचेपर्यंत बाकीचे येऊ द्यायचे. दहा उघडले, तर एकही धड येत नाही, सगळे मुदत संपून पडतात.

आता जे जमत नाही ते. पैशांचे व्यवहार आणि सरकारी-निमसरकारी पोर्टल हे खरं दुखणं. तिथे स्क्रिप्ट बंद ठेवता येत नाही, एका पानावरून दुसऱ्यावर तीनदा उड्या माराव्या लागतात, आणि ओटीपी फोनवर येऊन त्याची मुदत संपते तरी तो टाकायची चौकट लॅपटॉपवर उघडलेली नसते. चित्रं ओळखायला लावणारा कॅप्चा आला तर मी सरळ पहाटेवर ढकलतो. तेव्हा जोडणीवर गर्दी कमी असते. अशा कामांसाठी वेगळं ब्राउझर प्रोफाइल ठेवलं आहे, ज्यात काहीच अडवलेलं नाही. त्यातली पानं कॅशेत, म्हणजे ब्राउझरच्या साठ्यात, राहतात, त्यामुळे दुसऱ्या वेळेस निम्मा त्रास वाचतो, म्हणून त्या प्रोफाइलची कॅशे कधी साफ करत नाही.

फॉर्मसोबत कागदपत्रं चढवायची असतील, तर फोटो आधी लहान करा. फोनने काढलेला ४ मेगाबाइटचा फोटो चढायला, वर जायचा वेगही तेवढाच असेल तर, आठ मिनिटांहून जास्त घेतो, तोवर सत्र संपून बाहेर फेकले जाता. तोच २०० किलोबाइटचा केला तर अर्ध्या मिनिटात जातो, आणि अक्षरं तरीही नीट वाचता येतात.