आठ महिने ऑर्थोटिक इनसोल वापरून: टाच होती तशीच कलते, दुखणं मात्र गेलं

सकाळी पलंगावरून उतरलं की पहिली दहा-बारा पावलं भिंत धरून टाकायची, असं वर्षभर चाललं होतं. फळ्यासमोर सहा-सहा तास उभं राहायचं म्हटल्यावर आणखी काय होणार! निदान झालं प्लांटर फॅशिआयटिस, म्हणजे टाचेच्या हाडापासून बोटांकडे जाणारा तळव्याचा जाड पट्टा दुखावलेला. शिवाय घोटे आत झुकलेले. फोमच्या डब्यात पाय दाबून ठसे घेतले गेले आणि साडेपाच हजारांत ऑर्थोटिक इनसोलची, म्हणजे पायाला आधार द्यायला बुटात घालायच्या गाद्यांची, जोडी मिळाली. "टाच सरळ करून देतो," असं बनवणाऱ्याने छातीठोक सांगितलं होतं.

ते खरं का, हे बघायला मुलीकडून माझं अनवाणी चालणं मागून मोबाइलवर स्लो मोशनमध्ये टिपून घेतलं. टाच टेकते ती किंचित बाहेरच्या कडेवर. बुटाची टाच मागच्या बाहेरच्या कोपऱ्यात झिजते ती यामुळेच, त्यात दोष काही नाही. टेकल्या टेकल्या टाचेचं हाड काही अंश आत लवंडतं, कमान सैल पडते, धक्का जिरतो. घोट्याखालच्या सबटॅलर सांध्याची बिजागरी तिरकी बसवलेली, त्यामुळे सोबत नडगीही आत वळते. टाच उचलायची वेळ आली की सगळं उलट. बोटं वर वाकतात, तो पट्टा रहाटावर दोर गुंडाळावा तसा ताणला जातो, कमान उंचावते आणि पाऊल ताठ होतं. हिक्स या संशोधकाने 1954 मध्ये हे 'विंडलास' (म्हणजे रहाट) या नावाने मांडलं. थोडक्यात, टाचेचं आत लवंडणं हा काही आजार नाही, ते चालण्यातलंच काम आहे.

मग एका जुन्या बुटाला मागून खिडकी कापली (घरच्यांनी डोक्यावर हात मारला) आणि इनसोल घालून पुन्हा चित्रण केलं. टाच जवळजवळ तेवढीच कलत होती! धावणाऱ्यांच्या हाडांत पिना बसवून केलेल्या प्रयोगातही इनसोलने पडणारा फरक थोडाच आणि माणसागणिक वेगळा निघाला होता, हे मला नंतर कळलं.

तरी दुखणं चौथ्या महिन्यात नावालाच उरलं. माझा अंदाज असा, की खोलगट कप टाचेखालची चरबी पसरू देत नाही आणि कमानीखालचा आधार पट्ट्यावरचा ताण थोडा वाटून घेतो. पोटऱ्यांचे व्यायामही तेव्हाच सुरू केले होते, तेव्हा सगळं श्रेय इनसोलला देणार नाही.

पहिले तीन आठवडे मात्र वैताग होता. इनसोलच्या आतल्या बाजूची पाचर जास्त उंच होती, गुडघ्याची बाहेरची बाजू ठणकायची. दोनदा घासून घेतली तेव्हा कुठे जमलं. मऊ, मागे दबणाऱ्या बुटात हे इनसोल नुसते डुगडुगतात. टाचेमागे कडक आणि आतली गादी निघणारा बूटच हवा. कोल्हापुरीत तर बसतच नाहीत. आणि अर्धा दिवस आपण घरात फरशीवर अनवाणी, त्याचं काय? मी घरात मऊ चप्पल घालायला लागलो. आई अजून कुरकुरते.

पावसाळ्यात वरचं कापड ओलं राहून वास मारतं, रोज रात्री काढून वाळवावं लागतं. उजव्या इनसोलचं कापड आता टाचेपाशी सुटलंय. तेवढं चिकटवून घेणार आहे, नवी जोडी एवढ्यात नाही.