कैद्यांसाठी देणगी: जामिनाला, याचिकेला की कार्यकर्त्याला?

आंब्याच्या नाहीतर मासळीच्या हंगामात चार पैसे हाती आले आणि त्यातले काही कैद्यांच्या हक्कांसाठी द्यावेत असं मनात असेल, तर प्रश्न पडतो: द्यायचे कुठे?

पहिला विचार जामिनाचाच येतो. गरजही खरी आहे. 2022 अखेर देशातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी, म्हणजे खटल्याचा निकाल न लागलेले, होते. पण रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातल्या ट्रॉलरवरचा नेपाळी खलाशी घ्या. जामीन मंजूर झाला तरी त्याला इथे जामीनदार मिळत नाही. गावातल्या माणसाचीही तीच गत: सातबारा सामाईक, त्यावर काका-चुलत्यांची नावं, निम्मे मुंबईला. अशा उताऱ्यावर जामीनदार म्हणून कोण उभा राहणार? रक्कम असूनही माणूस आतच राहतो. शिवाय गरीब कच्च्या कैद्यांच्या जामिनासाठी (सुरुवातीला 40,000 रुपयांपर्यंत) मदतीची केंद्राची योजना 2023 पासून आहेच.

दुसरी वाट न्यायालयीन लढ्याची. तिचा पल्ला मोठा. तुरुंगात जातीवरून कामं वाटणं सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2024 मध्ये घटनाबाह्य ठरवलं, ते एका महिला पत्रकाराच्या याचिकेवर. एका निकालाने राज्याराज्यांचे तुरुंग-नियम बदलायला लागले. मात्र याला वर्षं लागतात आणि यश हमखास नसतं. धीर असेल तरच इथे द्या.

मी स्वतः तिसऱ्या वाटेला कौल देईन: तुरुंग आणि कोर्ट यांच्यामध्ये फिरणाऱ्या कार्यकर्त्याचा पगार. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ प्रकल्प 1990 पासून असं काम करतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील फुकट मिळतो, पण घरच्यांना शोधणं, कागद जमवणं, महिनाभरात जामीनदार न मिळाल्यास अट शिथिल करा म्हणून वकिलामार्फत अर्ज लावणं, याला रोज कोणीतरी पायपीट करणारं लागतं. स्थानिक जामीनदाराचीच अट घालू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये सांगितलंय. ते कोर्टात दाखवून द्यायलाही माणूस हवाच.

बाहेरून हा पैसा येणं कठीण. परदेशी देणग्यांच्या कायद्यातल्या (एफसीआरए) 2020 च्या दुरुस्तीनंतर परदेशी देणगी एका संस्थेला दुसरीकडे वळवता येत नाही, त्यामुळे दिल्ली-मुंबईच्या मोठ्या संस्थांकडून तो सिंधुदुर्गातल्या ओरोस किंवा रायगडातल्या अलिबागच्या छोट्या संस्थेपर्यंत झिरपत नाही. म्हणून इथल्या देणगीदाराचं मोल जास्त. द्यायचं तर निदान तीन वर्षांचा शब्द द्या. सहा महिन्यांच्या पगारावर चांगला माणूस टिकत नाही. संस्थेकडे 80जी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी आयकर खात्याची मान्यता) आहे का ते बघा, आणि 2,000 च्या वर रोख देऊ नका, करसवलत मिळत नाही.